पर्यावरण, चळवळी आणि तरुणाई: या बीटवरची पहिली बातमी कशी उभी करावी

गुन्हेगारीच्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या विषयक्षेत्रात, जाणारा बातमीदार समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे गृहीत धरूनच निघतो. सामाजिक बदल, शाश्वतता आणि तरुणांचं जग या बीटवर मामला उलटा असतो. समोर रोपं लावणारी मुलं असतात, नदीकाठ साफ करणारा गट असतो, जुने कपडे पुन्हा वापरात आणणारा एखादा छोटा उद्योग असतो. सगळे मनापासून बोलतात, आणि मनापासून बोलणाऱ्याला ‘हे कशावरून?’ असं विचारायला नवा माणूस संकोचतो. या बीटवरच्या बहुतेक चुका या संकोचातून होतात.

पुढचे टप्पे हजार-बाराशे शब्दांची पहिली बातमी करणाऱ्यांसाठी आहेत. सगळ्या टप्प्यांना सारखा वेळ लागत नाही. निम्मा वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला जातो, आणि तो जाऊ द्यावा.

आधी जवळ काय हवं

- शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली वही. डाव्या पानावर ऐकलेलं-पाहिलेलं, उजवं पान पडताळणीसाठी कोरं. सुट्या कागदांवरच्या नोंदी महिन्याभरात कुठेतरी जातातच.
- फोन, वायरचा क्लिप माइक, पॉवर बँक. माइक महागडा नसला तरी चालतो, पण तो हवाच.
- ‘दाव्यांचा तक्ता’: साध्या स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने. दावा काय, कुणी केला, कधी, कागद कोणता, दुसरा स्रोत कोण, स्थिती काय.
- एका पानाचं संमतीपत्र, मुलाखत देणाऱ्याच्या भाषेत. अल्पवयीनांसाठी पालकांच्या सहीची वेगळी प्रत.
- फ्रीलान्स करत असाल तर संपादकाचा ‘हे काम आम्ही सोपवलं आहे’ असा मेल, फोनमध्ये आणि छापील. गेटवरचा माणूस छापील कागद मानतो.
- मोजपट्टी, आणि नकाशावर क्षेत्रफळ मोजता येईल असं एखादं ॲप. याचा उपयोग किती होतो ते पुढे दिसेलच.

१. विषयाचा प्रश्न करा

‘तरुण आणि पर्यावरण’ हा विषय झाला. त्यावर निबंध होतो, बातमी होत नाही. ‘दोन वर्षांपूर्वी या माळावर लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत?’ हा प्रश्न झाला. प्रश्नात चार गोष्टी असायला हव्यात: कोण, कुठे, कोणता काळ, आणि डोळ्यांनी पाहता किंवा मोजता येईल असं काहीतरी. वीस शब्दांत तो मांडता येत नसेल तर अजून फोन फिरवायची वेळ आलेली नाही.

‘तरुण’ म्हणजे कोण, हेही इथेच ठरवून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४ वयोगट तरुण धरतात, आफ्रिकन युवा सनदेत हीच मर्यादा १५ ते ३५ आहे. ‘जेन झी’ म्हणजे १९९७ ते २०१२ दरम्यान जन्मलेले, ही प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने संशोधनाच्या सोयीसाठी आखलेली रेघ. दोन सर्वेक्षणांतले तरुण वेगवेगळ्या वयांचे असतील तर त्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत. तरी ते रोज ठेवले जातात.

संपादकाला पाठवायची पिच, म्हणजे बातमीचा प्रस्ताव, दोनशे शब्दांच्या आत आटपा: प्रश्न, आत्ताच का, कोणाशी बोलणार, कोणता कागद हाती आहे किंवा येणार आहे, फोटो कशाचा, कॉपी (बातमीचा मजकूर) कधी देणार. या विषयाची तुम्हाला किती तळमळ आहे हे त्यात लिहू नका. उत्तरही लिहू नका. पिचमध्येच निष्कर्ष सांगून टाकला की पुढे त्याला धक्का देणारा कागद सापडला तरी हात आखडतो.

२. दावा फोडा

प्रेसनोटमधलं किंवा भाषणातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. मग त्याला पाच प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत? कोणत्या वर्षापासून? कुठपासून कुठवरचं मोजलं? एकूण की प्रति नग? मोजलं कुणी?

‘आम्ही उत्सर्जन २० टक्क्यांनी घटवलं’ हे वाक्य घ्या. चौथा प्रश्न विचारल्यावर कळतं की ही घट प्रति नग आहे. त्याच काळात उत्पादन ४० टक्क्यांनी वाढलं असेल, तर ०.८ गुणिले १.४ म्हणजे १.१२. एकूण उत्सर्जन १२ टक्क्यांनी वाढलं. दावा खोटा नाही, पण तुमची बातमी खोटी ठरली असती.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त माल देतो. हरितगृह वायूंचा हिशेब ठेवण्याच्या प्रचलित पद्धतीत तीन कप्पे असतात, त्यांना ‘स्कोप’ म्हणतात. स्कोप १ म्हणजे स्वतःच्या बॉयलरचा, गाड्यांचा धूर. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा. स्कोप ३ म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकाने वस्तू फेकून देईपर्यंतचं बाकी सगळं, आणि त्याचेच १५ उपप्रकार आहेत. कपड्यांच्या ब्रँडचं बहुतांश उत्सर्जन स्कोप ३ मध्ये असतं, कारण सूत, रंगाई आणि शिलाई दुसऱ्यांच्या कारखान्यांत होते. ‘आमची कार्यालयं आणि दुकानं कार्बन न्यूट्रल’ (म्हणजे हिशेबाअंती निव्वळ उत्सर्जन शून्य) या वाक्यात नेमका तोच कप्पा गळलेला असतो.

‘न्यूट्रल’ शब्द दिसला की आणखी एक प्रश्न वाढतो: उत्सर्जन स्वतः कमी केलं, की दुसरीकडे घटवलेल्या उत्सर्जनाची क्रेडिट्स विकत घेऊन वजाबाकी केली? दोन्ही आकडे वेगवेगळे मागा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या निर्देशानुसार, केवळ अशा भरपाईच्या आधारावर ग्राहकांपुढे वस्तू ‘न्यूट्रल’ म्हणवून घ्यायला २७ सप्टेंबर २०२६ पासून मनाई आहे. तिथे विक्री करणाऱ्या कंपनीने आपलं वाक्य बदललं का, ही स्वतंत्र बातमी होऊ शकते.

वस्तूंवरच्या खुणा वाचायलाही शिकून घ्या. प्लास्टिकवरच्या बाणांच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा फक्त कोणत्या जातीचं प्लास्टिक ते सांगतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकी प्लास्टिक उद्योगाने वर्गीकरणासाठी आणली. वस्तू पुनर्वापरातून आली आहे किंवा पुढे पुनर्वापरात जाईल, असं ती कुठेही म्हणत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्के पुनर्चक्रित झाला होता, १२ टक्के जाळला गेला, बाकीचा भरावात नाही तर उघड्यावर. ‘कंपोस्टेबल’ कपावर ईएन १३४३२ हे युरोपीय मानक छापलेलं असेल तर त्याचा अर्थ औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये, म्हणजे साधारण ५८ अंश सेल्सिअसला, सहा महिन्यांत त्या पदार्थाचं ९० टक्के जैविक विघटन होतं. परसातल्या ढिगाला हे तापमान टिकवता येत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: ‘तुमचे वापरलेले कप नेमके कोणत्या केंद्रात जातात?’ उत्तर आलं तर त्या केंद्राला फोन करा.

आता वृक्षारोपण. ‘५०० स्वयंसेवकांनी एका दिवसात ५०,००० रोपं लावली.’ माणशी १०० रोपं. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, एका रोपाला ४.८ मिनिटं. पाणी प्यायलाही उसंत नाही, आणि खड्डे आधीच खणलेले असतील तरच जमेल. मग पुढचा प्रश्न सुचतो: खड्डे कुणी खणले, आणि त्यांना मजुरी मिळाली का? दुसरी बाजू जागेची. दोन-दोन मीटर अंतर धरलं तर एका रोपाला ४ चौरस मीटर, म्हणजे ५०,००० रोपांना २० हेक्टर. घनवन पद्धतीने, जी जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाते, चौरस मीटरला तीन-चार रोपं लावली तर सव्वा ते पावणेदोन हेक्टर पुरेत. पद्धत कोणती ते विचारा, नकाशावर जागा मोजा, आकडे जुळतात का पाहा. या हिशेबाला पाच मिनिटं लागतात आणि प्रेसनोट मोडीत निघते किंवा पक्की होते.

टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत तर हेडिंगमध्ये सर्रास होते. प्रमाण १० टक्क्यांवरून १५ वर गेलं तर वाढ ५ टक्केबिंदूंची आणि ५० टक्क्यांची. दोन्हींपैकी काय लिहिताय ते ठरवून लिहा.

३. कागद मिळवा, आणि फोन करण्याआधी जपून ठेवा

क्रम महत्त्वाचा आहे. दाव्याचं पान आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, साठवा, त्याचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, मग फोन करा. तुमच्या फोननंतर तासाभरात पान बदलल्याचे प्रकार होतात.

वार्षिक अहवाल शेवटाकडून वाचा, म्हणजे तळटीपा आणि परिशिष्टं आधी. गेल्या वर्षीच्या अहवालातला तोच आकडा यंदाच्या अहवालात वेगळा दिसत असेल तर मोजण्याची पद्धत बदलली आहे, आणि ती का बदलली हे विचारायचं आहे. प्रेसनोटमध्ये ‘पर्यंत’ हा शब्द शोधा. ‘६० टक्क्यांपर्यंत बचत’ यात शून्यही बसतं.

सरकारी कागदांसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. अर्जात मत मागू नका (‘ही योजना का फसली?’), दस्तऐवज मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे तपासणी अहवाल, खर्चाची बिलं, बैठकीचं इतिवृत्त. एका अर्जात एकच विषय. पसरट अर्ज परत येतो, आणि त्यात महिना गेलेला असतो.

संशोधन उद्धृत करायचं असेल तर सारांशावर भागवू नका. नमुना किती, कुठला, पैसा कुणाचा, त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून समीक्षा झाली आहे का, एवढं पाहून लेखकाला मेल करा: ‘मी तुमचा निष्कर्ष असा मांडतो आहे, बरोबर आहे का?’ बहुतेक संशोधक या प्रश्नाला उत्तर देतात, कारण हे त्यांना फार कुणी विचारत नाही. सर्वेक्षणात १,००० जणांचा खराखुरा यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला) नमुना असेल तर चूक-मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ती मर्यादा, साधारण अधिक-उणे ३ टक्केबिंदू, ४०० जणांचा असेल तर ५. आपल्या फॉलोअर्सना लिंक पाठवून भरून घेतलेल्या फॉर्मला ही मर्यादा लागूच होत नाही, मग तो २०,००० जणांनी भरलेला का असेना.

एखाद्या उष्म्याच्या लाटेचं किंवा पुराचं कारण ‘हवामान बदल’ असं थेट लिहिण्याआधी त्या विशिष्ट घटनेचा कारणनिश्चितीचा अभ्यास झाला आहे का ते पाहा. असे अभ्यास घटनेची शक्यता किंवा तीव्रता किती वाढली ते सांगतात. तोच शब्दप्रयोग ठेवा.

४. बोलायचं कोणाशी

संस्थापक सर्वांत छान बोलतो. म्हणून त्याला शेवटी भेटा. त्याआधी किमान चौघं: रोज हातांनी ते काम करणारा, ते काम सोडून गेलेला, त्या कामाचा परिणाम ज्याच्यावर होतो पण ज्याला कार्यक्रमाचं बोलावणं नव्हतं असा, आणि संस्थेशी पैशाचा संबंध नसलेला जाणकार. यात सोडून गेलेल्या माणसाला तोड नाही. त्याचा राग वजा करा, उरतं ते तपासा.

तरुणांवरच्या बातमीत एक नेहमीचा सापळा आहे. पहिली मुलगी तिच्या तीन मैत्रिणींचे नंबर देते, त्या आणखी तिघींचे. आठवड्याने तुमच्याकडे दहा आवाज असतात आणि सगळे एकाच कॉलेजच्या कँटीनमधले. साखळी दुसऱ्या कडीलाच तोडा. काम करत शिकणारा, शिक्षण सुटलेला, आणि सोशल मीडियावर नसलेला निदान एक जण तरी शोधा. मग बातमीची दिशा बदलली तर बदलू द्या.

५. मुलाखत आणि संमती

फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वाक्याला कॉल येतो आणि काही फोनवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. क्लिप माइक हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावा. ओढणी, साखळी, बॅगेचा पट्टा त्याला घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला नाव, वय, गाव आणि ‘रेकॉर्ड करायला हरकत नाही ना?’ याचं उत्तर रेकॉर्डवर घ्या. शेवटी अर्धा मिनिट कुणी न बोलता खोलीचा आवाज घ्या, संकलनात तोच सांधे बुजवतो. घरी पोचेपर्यंत न थांबता फाइलची दुसरी प्रत करा.

‘तुम्हाला कसं वाटतं?’ या प्रश्नाला भाषण मिळतं. ‘काल सकाळी इथे आल्यावर पहिलं काम काय केलंत?’ याला तपशील मिळतो. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच सेकंद गप्प राहणं अवघड जातं, पण खरं वाक्य बऱ्याचदा त्यानंतर येतं.

‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणजे काय, यावर दोघांचं एकमत बोलण्याआधी व्हायला हवं: छापायचंच नाही, की नाव न देता छापायचं? तरुण कार्यकर्त्यांना हा फरक बहुतेकदा माहीत नसतो, समजावून सांगणं तुमचं काम.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाची स्वतःची तयारीही विचारा. आई ‘हो’ म्हणतेय आणि मुलगा जमिनीकडे बघतोय, तर उत्तर ‘नाही’ समजा. शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह, घराची पाटी, रोजची बस या तीन गोष्टींवरून नाव न देताही मूल ओळखता येतं, फोटो निवडताना त्या तपासा. मानसिक आरोग्याचा विषय निघाला आणि आत्महत्येचा उल्लेख आला, तर पद्धत आणि जागा यांचं वर्णन करू नका, एकच कारण चिकटवू नका, मदतवाहिनीचा क्रमांक स्वतः फोन लावून पाहून मगच छापा. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची सूचनापत्रिका याबाबत स्पष्ट आहे, ती एकदा पूर्ण वाचा.

६. मैदानात मोजा

मोर्चाचा आकडा आयोजक एक सांगतात, पोलीस दुसरा. तिसरा आकडा तुमचा असू शकतो. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी खिडकीतून निदर्शनं मोजत एक साधी पद्धत बसवली: क्षेत्रफळ काढा, दाटी ठरवा, भागाकार करा. सैल गर्दीत, जिथे माणसं हात लांब करू शकतात, माणशी सुमारे ०.९ चौरस मीटर. दाट गर्दीत ०.४ च्या आसपास. चेंगराचेंगरीच्या जवळ जाणाऱ्या गर्दीत ०.२३.

रस्ता १२ मीटर रुंद आणि ३०० मीटर भरलेला, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. सैल गर्दी असेल तर चार हजारांच्या आसपास, दाट असेल तर साडेआठ ते नऊ हजार. पुढचा भाग दाट आणि मागचा सैल असतो, म्हणून रस्त्याचे तुकडे पाडून मोजा. उंचावरून घेतलेला एक फोटो वेळेसह ठेवा. बातमीत ‘आमच्या अंदाजानुसार’ लिहून पद्धत एका ओळीत सांगा. चालत्या मोर्चाला हे थेट लागू होत नाही: एका ठिकाणी उभं राहून दर मिनिटाला किती जण पुढे गेले ते ठरावीक अंतराने मोजा.

स्वच्छता मोहिमेत ‘पाच टन कचरा’ ऐकलं की वजन कुठे झालं ते विचारा. वजनकाट्यावर झालं असेल तर काटापावती असते. अंदाजाने सांगितलं असेल तर स्वतः दहा पोती स्प्रिंग काट्यावर टांगा, सरासरी काढा, पोत्यांच्या संख्येने गुणा. ओली वाळू आणि भिजलेलं कापड वजन फुगवतं, तेही नोंदवा. आणि ट्रक गेला कुठे? शक्य असेल तर त्याच्या मागे जा. कधीकधी खरी बातमी तिथे उतरते.

रोपांची जगण्याची टक्केवारी काढणंही अवघड नाही. सुरुवातीची ओळ चिठ्ठी टाकून निवडा, मग दर दहावी ओळ घ्या आणि दोनशे खड्डे तपासा. रिकामा खड्डाही मोजायचा. पानं नसलेलं रोप मेलं असं धरू नका: खोडाची साल नखाने हलकी खरवडा, आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर खाली आणखी एकदा खरवडून पाहा. दोनशेपैकी १३० जिवंत निघाली तर ६५ टक्के, चूक-मर्यादा साधारण ७ टक्केबिंदू इकडे-तिकडे. संस्थेने ९५ टक्के सांगितले असतील तर हा फरक मर्यादेच्या बाहेरचा आहे. संस्थेच्या माणसाला सोबत घेऊन मोजा, म्हणजे नंतर वाद उरत नाही. रस्त्याकडेच्या ओळी टाळा, पाणी तिथेच जास्त पडलेलं असतं.

७. स्क्रीनवरचं जग

‘तरुणांमध्ये सध्या याची क्रेझ आहे’ हे वाक्य लिहिण्याआधी तुमच्या फीडबाहेर पुरावा शोधा. फीड तुम्हाला तुमचंच आवडतं दाखवतो. गूगलवर काय किती शोधलं जातं ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा आलेख शंभरवर पोचला म्हणजे त्या निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला उच्चांक एवढंच. शोध घेणाऱ्यांची संख्या त्यातून कळत नाही. हॅशटॅगखालच्या दहा हजार पोस्ट म्हणजे दहा हजार माणसं नव्हेत, आणि ‘व्ह्यू’ किती सेकंदांनी मोजला जातो ते प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळं.

व्हायरल फोटोचा उलटा शोध (फोटो टाकून तो आधी कुठे आला ते पाहणं) दोन वेगळ्या सेवांवर घ्या. व्हिडिओ असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफायसारख्या साधनाने त्याच्या फ्रेम्स काढून त्या शोधा. मूळ फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो म्हणून पाठवला की कॅमेऱ्याची तारीख-स्थानाची माहिती पुसली जाते. आंदोलकांचे फोटो स्वतः प्रसिद्ध करताना मात्र हीच माहिती तुम्ही पुसायची.

पोस्ट सार्वजनिक आहे म्हणून ती उचलता येते असं नाही. सतरा वर्षांच्या मुलीने दोनशे जणांसाठी लिहिलेलं वाक्य लाखभर वाचकांपुढे नेण्याआधी तिला विचारा.

८. शब्दांची निवड

मराठीत या विषयाचे शब्द निसरडे आहेत. ‘हवामान’ हा एकच शब्द आपण आजच्या पावसालाही वापरतो आणि दीर्घकालीन सरासरीलाही, जी जागतिक हवामान संघटना ३० वर्षांच्या काळावर काढते. म्हणून ‘यंदा थंडी जास्त आहे, मग हवामान बदल कुठे?’ असा प्रश्न मराठीत जरा जास्तच सहज विचारला जातो. रोजच्यासाठी ‘आजचं हवामान’, दीर्घकालीनसाठी ‘हवामान बदल’ किंवा ‘वातावरण बदल’ यांपैकी एक, असा फरक करा आणि लेखभर तोच ठेवा. ‘सेंद्रिय’ आणि ‘जैविक’ अदलाबदलीने वापरू नका. ‘विघटनशील’ लिहिलंत तर किती दिवसांत आणि कुठे ते पुढे हवंच. ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण अवतरणचिन्हाशिवाय तुमच्या कॉपीत आलं, तर तो दावा तुमचा झाला.

‘तरुणाई’ या शब्दाचंही तेच. ‘तरुणाईचा कल’, ‘तरुणाईचा जल्लोष’ लिहिताना बोललेली माणसं पाच असतात. ‘बोललेल्या अकरापैकी आठ जणांनी’ असं लिहा, रुक्ष वाटलं तरी. मुलांची बोली अवतरणात जशीच्या तशी ठेवा, पहिल्यांदा आल्यावर अर्थ सांगा, पण स्वतःच्या वाक्यांत ती घुसवू नका. महिन्याभरात ती शिळी होते.

९. कॉपी लिहिताना

चांगल्या उपक्रमावर लिहिताना सोल्युशन्स जर्नालिझमचे, म्हणजे उपायांची चिकित्सा करणाऱ्या पत्रकारितेचे, चार प्रश्न कामी येतात: उपाय काय आहे आणि तो चालतो कसा, परिणामाचा पुरावा काय, दुसऱ्यांना त्यातून काय घेता येईल, मर्यादा कोणत्या. चौथ्याचं उत्तर पहिल्या निम्म्या कॉपीत यायला हवं. शेवटच्या परिच्छेदात ढकललेली मर्यादा संपादन करणाऱ्या डेस्कवर जागेअभावी कापली जाते.

इन्ट्रोत, म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदात, एक दिसणारी गोष्ट आणि एक आकडा, बस. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत तुमचा मूळ प्रश्न आणि त्याचं उत्तर. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त आकडे नकोत. नायक बनवायचा मोह आवरा: ‘एकट्याने बदललं चित्र’ या हेडिंगमागे बहुतेकदा पगारी मजूर, पालिकेचा पाण्याचा टँकर आणि एखाद्या कंपनीचा निधी असतो. त्यांना जागा द्या.

१०. प्रतिक्रिया आणि शेवटची तपासणी

ज्यांच्यावर टीका येणार आहे त्यांना प्रश्न लेखी पाठवा, नेमके मुद्दे क्रमांकाने, आणि मुदत स्पष्ट लिहा. साध्या बातमीला एक दिवस, आकड्यांच्या वादाला दोन-तीन. ‘प्रतिक्रिया मिळाली नाही’ लिहायचं असेल तर कधी, कशाने, किती वेळा विचारलं ते वहीत हवं. पूर्ण कॉपी कुणालाही आधी दाखवू नका, पण तांत्रिक भाग आणि त्यांचं स्वतःचं वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही.

मग प्रिंट काढा. प्रत्येक नाव, वय, आकडा, तारीख यांवर पेनाने खूण करत दाव्यांच्या तक्त्याशी ताडा. ज्याला खूण नाही ते वाक्य बाहेर. आकड्यांची बेरीज उलटी करून पाहा. फोटोओळ वेगळी तपासा, चुका तिथे फार दडतात. फुकट प्रवास, भेटवस्तू, संस्थेतली मैत्री, काहीही असेल तर संपादकाला आत्ताच सांगा.

११. फॉलोअप

बातमी लागली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाका. पहिली आठवड्याभरानंतरची: ज्यांनी वेळ दिला त्यांना लिंक किंवा कात्रण पाठवा, नावाची किंवा आकड्याची चूक निघाली तर दुरुस्ती तारखेसह प्रसिद्ध करून घ्या. दुसरी वर्षानंतरची. वृक्षारोपणावर लिहिलं असेल तर ती तारीख पावसाळ्यात टाकू नका, तेव्हा गवतही हिरवंगार असतं. पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यात जा, त्याच ओळी, तेच दोनशे खड्डे. त्यासाठी सुरुवातीची ओळ कोणती होती आणि मोजणी कोणत्या टोकाकडून केली, हे पहिल्याच दिवशी वहीत रेखाटून ठेवलेलं असावं लागतं.